सोलापुरात समुद्रफूल रुळवताना: टाकीच्या तयारीपासून पहिल्या महिन्यापर्यंत

समुद्रफूल, म्हणजे हौशी मंडळींच्या बोलण्यातलं अ‍ॅनिमोनी, हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी पिशवीतून मत्स्यालयाच्या टाकीत सोडायला फार तर तीन-चार तास लागतात. ते तास बहुतेक जण डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. घोटाळा होतो तो त्याआधीच्या सहा महिन्यांत आणि नंतरच्या पंधरा दिवसांत. आधी टाकी मुरू दिली जात नाही आणि नंतर हात टाकीबाहेर राहत नाही. सोलापुरात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते, पाणी आणि ऊन. म्हणून सुरुवात प्राण्यापासून न करता टाकीपासून करू.

टाकी किती मोठी, किती जुनी

नवख्याने 150 लिटरच्या खाली जाऊ नये. 200 लिटर असेल तर उत्तम. पाणी जितकं कमी, तितकं ते तापतं लवकर आणि खारटही होतं लवकर. टाकी खाऱ्या पाण्यावर किमान सहा महिने चाललेली असावी. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या मळातून होणारी विषं) शून्य आलं म्हणजे टाकी तयार झाली, असं दुकानदार सांगतो. माशांपुरतं ते खरं आहे. समुद्रफुलाला मात्र आकडे महिनोन् महिने जागच्या जागी राहिलेले लागतात, आणि ती स्थिरता नव्या टाकीत नसते.

आणायच्या आधी सलग चार आठवडे मोजून वहीत लिहा: तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता, 1.025 ते 1.026 (साधारण 35 पीपीटी, हजारात 35 भाग क्षार), पीएच 8.1 ते 8.4, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची ताकद) 8 ते 10 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), नायट्रेट 2 ते 15 पीपीएम. नायट्रेट ठार शून्य असणंही चांगलं नाही. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवून आपल्या यजमानाला पोसतं, आणि त्या शैवालाला थोडं नायट्रेट लागतं. हे आकडे चारही आठवडे जवळपास सारखे आले, तरच पुढे जा.

दगड घेताना एक लक्षात ठेवा. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी कोकणातून किंवा तमिळनाडूतून ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड) आणून देतो म्हणाला, तर हात जोडून नाही म्हणा. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतात, सहा महिन्यांत त्यांवर जिवाणू बसतात आणि काम तितकंच चोख होतं. दगड रचताना खोल कपारी मुद्दाम ठेवा, कारण समुद्रफूल पाय कपारीत रोवतं आणि तोंड उजेडाकडे ठेवतं. रचना हलवून बघा. पुढे ते आत बसल्यावर दगड ढासळला तर चेंगरेल.

पाणी: इथे कंजुषी चालत नाही

महापालिकेचं पाणी उजनीचं असो की दारातल्या बोअरचं, ते थेट टाकीत जाता कामा नये. पाणी जड आहे आणि बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) हजाराच्या घरात दिसला तरी इथे कुणाला नवल वाटत नाही. लागतं ते आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे मणी) लावलेल्या यंत्राचं पाणी, ज्याचा टीडीएस 0 ते 5 आहे. टीडीएस मीटर खिशात मावतो. तो घेतल्याशिवाय कुणाच्या पाण्यावर विश्वास ठेवू नका.

स्वयंपाकघरातला आरओ इथे दोन कारणांनी नापास होतो. पहिलं, चव यावी म्हणून बहुतेक घरगुती यंत्रं थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजांची नळकांडी लावतात, त्यामुळे टीडीएस 50 ते 150 निघतो. दुसरं कारण थेट जीवघेणं आहे. सध्या ‘कॉपर’ म्हणून विकली जाणारी यंत्रं पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला चालेल इतकं तांबंसुद्धा समुद्रफुलाला, कोळंबीला आणि गोगलगायींना विष आहे. तांब्याच्या कळशीत भरलेलं पाणी नको, आणि पाण्याच्या वाटेत पितळी तोटीही नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध ज्या टाकीत कधीकाळी पडलं असेल, तिच्यात समुद्रफूल ठेवू नका. तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं. विकत मिळणाऱ्या थंड जारचं पाणीही या कामाचं नाही.

आता हिशेब. यंत्र 1 लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण 3 लिटर बाहेर टाकतं. 200 लिटरच्या टाकीला उन्हाळ्यात आठवड्याला 28 लिटर उडालेल्या पाण्याच्या भरपाईचं आणि 20 लिटर बदलायचं, म्हणजे 50 लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यासाठी मूळ पाणी 200 लिटर. नळ काही दिवसांआड येणाऱ्या घरात हे आधी घरच्यांशी बोलून घ्यावं. टाकाऊ 150 लिटर फरशीला, भांड्यांना, गाडी धुवायला जाऊ द्या. पाणी येईल त्या दिवशीच यंत्र चालवून खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकच्या झाकणवाल्या कॅनमध्ये शुद्ध पाणी साठवा. किमान दहा दिवसांचा साठा हवा.

मीठ फक्त सागरी मत्स्यालयासाठी बनवलेलं. साधं मीठ, सैंधव, मिठागरातलं खडं मीठ यांतलं काहीही नाही. 20 लिटर पाण्याला साधारण 700 ते 760 ग्रॅम लागतं. पिशवीने ओलावा किती धरलाय त्यावर आकडा हलतो. पाणी आधी भरा, मीठ नंतर घाला, छोटा पंप लावून 24 तास फिरू द्या आणि मगच क्षार मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (क्षार मोजायचा मीटर) 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. शुद्ध पाण्याने जुळवलेला मीटर शून्याला बरोबर दाखवतो, पण 35 ला चुकू शकतो.

एप्रिल-मे

बाहेर 42 अंश असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचं पाणी दुपारी 32 वर सहज जातं. 28 पर्यंत समुद्रफूल कुरकुरत का होईना, निभावतं. 29-30 च्या वर काही दिवस राहिलं की ते अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एकदा पांढरं पडलेलं परत रंगावर यायला महिने जातात, तेही आलं तर.

सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, आणि इथे तिचा फायदा घेता येतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला छोटा पंखा बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. पण बाष्पात पाणी जातं, मीठ मागेच राहतं. 200 लिटरमधून रोज 4 लिटर उडाले तर पहिल्या दिवशी क्षार 35 वरून 35.7 होतात. तीन दिवस दुर्लक्ष केलं की 37 च्या पुढे. म्हणून उडालेलं पाणी रोज साध्या शुद्ध पाण्याने भरायचं, मिठाच्या पाण्याने नाही. संपच्या (मुख्य टाकीखालच्या, पाणी गाळायच्या छोट्या टाकीच्या) काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा, रोज रेघेपर्यंत भरा. ही भर आपोआप घालणारं यंत्र, ऑटो टॉप-ऑफ, परवडत असेल तर माशांच्या आधी तेच घ्या.

पंख्याने भागत नसेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र. डब्यावर लिहिलेला लिटरचा आकडा सोलापूरच्या मे महिन्यासाठी छापलेला नसतो, त्यामुळे एक माप मोठा घ्या. तो कपाटात कोंडू नका. चिलर पाण्यातली उष्णता मागून बाहेर फेकतो, बंद कपाटात तीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि नुसता घरघरत राहतो. खोलीत एसी असेल तर 26-27 वर लावलेला एसी चिलरहून सोपा पडतो.

बर्फाच्या बाटल्यांवर फार भिस्त नको. 1 लिटरची गोठवलेली बाटली 200 लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवते. तीन-चार बाटल्या आलटूनपालटून टाकल्या तरी तापमान दिवसभर वर-खाली झुलतं, आणि हा झोका उष्णतेइतकाच वाईट. दिवस-रात्रीचा फरक 1 अंशात राहील असं बघा.

एक बिनखर्चाचा उपाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टाकीचे दिवे दुपारी लावायचेच कशाला? संध्याकाळी 5 ते रात्री 1 असा आठ तासांचा दिवस ठेवा. दिव्यांची उष्णता थंड वेळेत जाते आणि तुम्ही कामावरून आल्यावर समुद्रफूल उमललेलं दिसतं.

वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते आणि प्राणवायू घटतो. दोन-तीन तासांच्या खंडाला बॅटरीचा हवेचा पंप पुरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर एकटा पॉवरहेड (टाकीत पाणी फिरवणारा पंप) त्यावर टाका, दिवे नको. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं, रात्री पारा उतरतो. 200 लिटरला 200 वॅटचा हीटर लावा, आणि वीज जास्त वेळ गेली तर टाकीच्या तीन बाजूंना चादर गुंडाळा. चादर काय, सोलापूरकरांच्या घरात असतेच.

कोणतं घ्यायचं, कसं ओळखायचं

नवख्याने बबल टिप घ्यावं, म्हणजे ज्याच्या शुंडकांच्या (तोंडाभोवतालच्या बोटांच्या) टोकांना फुगे असतात ते. दुकानातलं ‘कार्पेट’ दिसायला गालिच्यासारखं देखणं असतं, पण त्याला 10-12 सेंटिमीटर वाळूचा थर लागतो, ते अर्ध्या मीटरच्या वर पसरतं आणि छोटे मासे गिळतं. मॅग्निफिका ही जात भटकी आणि नाजूक. बबल टिप 30 सेंटिमीटरच्या आत राहतं, दगडाच्या कपारीत बसतं आणि टाकीतच दुभंगून वाढतं. त्यामुळे कुणाच्या टाकीत दुभंगलेलं पिल्लू मिळालं तर समुद्रातून काढलेल्यापेक्षा ते केव्हाही बरं.

दुकानात या गोष्टी बघा. तोंड घट्ट मिटलेलं हवं. सैल, उघडं किंवा आतडं बाहेर आल्यासारखं असेल तर सोडून द्या. पाय काचेला किंवा दगडाला चिकटलेला हवा, त्यावर फाटलेली जागा नको. रंग तपकिरी, हिरवट, बदामी किंवा लालसर. शुभ्र पांढरं समुद्रफूल ‘दुर्मीळ’ नसतं, उपाशी असतं. भडक पिवळं किंवा निळं दिसलं तर रंगवलेलं असण्याची शंका घ्या. दुकानात येऊन दहा दिवस झाले का, हे विचारा, आणि त्याच पाण्यात तांब्याचं औषध पडतं का, हेही. शेवटचं विचारलं की काही दुकानदार विषय बदलतात. तेच उत्तर धरा.

घ्यायचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुण्या-मुंबईहून येणारा थर्माकोलचा डबा मे महिन्यात बसच्या डिकीत ठेवला तर दारात शिजलेलं समुद्रफूल येईल. रात्रीच्या गाडीने, माणसाबरोबर, आसनाखाली ठेवून आणा.

पिशवी ते टाकी

आणायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पॉवरहेडच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी, हीटरला प्लास्टिकची जाळी आणि ओव्हरफ्लोला (जादा पाणी खाली जाणाऱ्या वाटेला) कंगव्यासारखी दात्यांची पट्टी लावा. समुद्रफूल पहिल्या रात्री फिरतं. पंपाच्या पात्यांत ओढलं गेलं की त्याचा कीस होतो आणि टाकीभर विष पसरतं. घरच्या टाकीतल्या मृत्यूंत हे कारण फार वरचं आहे, आणि ते पन्नास रुपयांच्या स्पंजने टळतं.

1. टाकीचे दिवे बंद करा. नायट्राइलचे हातमोजे घाला. समुद्रफूल डंख करतं आणि आपल्या हाताचं तेल, साबण, ओडोमॉस त्याला बाधतं.

2. बंद पिशवी 15-20 मिनिटं टाकीत तरंगू द्या.

3. पिशवीतलं पाणी आणि समुद्रफूल छोट्या थर्माकोलच्या डब्यात ओता. स्टीलचं पातेलं वापरलं तर 34 अंशांच्या खोलीत तासाभरात पाणी तापतं. ही गोष्ट पहाटेच केलेली बरी.

4. डब्यातल्या पाण्याचे क्षार मोजा. बरेच दुकानदार माशांसाठी विशिष्ट गुरुत्व 1.020-1.021 इतकं कमी ठेवतात. फरक जितका मोठा, तितका वेळ जास्त.

5. हवेच्या पंपाच्या नळीला सैल गाठ मारून किंवा छोटी तोटी लावून टाकीतून पाणी टपकू द्या, सेकंदाला 3-4 थेंब. 1 लिटर पाणी दुप्पट व्हायला सुमारे दीड तास लागतो. दुप्पट झालं की अर्धं फेका, पुन्हा टपकवा. दोन्हीकडचे क्षार जुळले की थांबा.

6. प्रवास 24 तासांच्या वर झाला असेल तर इतका वेळ लावू नका, अर्ध्या-पाऊण तासात आटपा. बंद पिशवीत साठलेला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ठेवतो आणि अमोनियाचा डंख बोथट करतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो.

7. डब्यातलं पाणी टाकीत ओतू नका. समुद्रफूल पायाला खालून आधार देऊन अलगद उचला. नखं लागू देऊ नका, काचेला चिकटलं असेल तर पायाची कड अंगठ्याने हळूहळू सोडवा. ओढून काढलेला पाय फाटतो, आणि फाटलेला पाय जिवावर बेतू शकतो.

8. वेव्हमेकर (लाटांसारखा प्रवाह आणणारा पंप) अर्धा तास बंद ठेवून निवडलेल्या कपारीजवळ पाय दगडाला टेकवा. उलटं पडलं तर सुलटं करा, एकदाच. वाहून जात असेल तर भोकांच्या प्लास्टिकच्या टोपलीत दगडाचे तुकडे टाकून त्यात बसवा, दोन दिवसांत ते तुकड्याला धरेल. मग तो तुकडाच कपारीत ठेवता येतो.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या संध्याकाळी दिवे नेहमीच्या 40 टक्क्यांवर लावा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या. दुकानातल्या अंधुक उजेडातून आलेल्या प्राण्याला एकदम पूर्ण प्रकाश दिला तर तोही पांढरा पडतो. पार मीटर (शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारा) मिळत असेल तर शेवटी 100 ते 200 च्या दरम्यान राहू द्या.

या काळात ते आक्रसून मुठीएवढं होईल, तोंडातून तपकिरी चिकट दोऱ्या टाकेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगेल. जुनं पाणी आणि मळ बाहेर टाकायची ही त्याची रीत आहे. दिवसातून एकदोनदा काही तास आक्रसणं आजार नव्हे. ते फिरेलही. उजेड कमी पडला तर वर चढतं, प्रवाह जास्त झाला तर आडोशाला जातं. काचेवर जाऊन बसलं, तुम्हाला मागच्या कोपऱ्यात नको होतं, तरी हात घालू नका. रोज उचलून ‘चांगल्या’ जागी ठेवलेलं समुद्रफूल कधीच रुळत नाही. फारच अडचणीत बसलं असेल तर प्रवाहाची दिशा त्याच्याकडे वळवा, ते स्वतः हलेल.

बबल टिपच्या शुंडकांचे फुगे जाऊन ती लांब, टोकदार झाली तरी घाबरू नका. रंग ठीक आणि पाय घट्ट असेल तर ते फक्त दिसण्यापुरतं आहे. ‘फुगे आणणारं’ म्हणून विकलं जाणारं कुठलंही थेंबांचं औषध टाकीत टाकू नका. आयोडीनही नाही.

एक भानगड खास आपल्याकडची. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, फवारणी आणि पावसाळ्यात गल्लीत येणारी फॉगिंगची गाडी यांतली कीटकनाशकं हवेच्या पंपातून थेट पाण्यात उतरतात. फॉगिंगचा आवाज आला की खिडक्या लावा, हवेचा पंप अर्धा तास बंद करा (वेव्हमेकर चालू राहू द्या) आणि संपमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (विषारी द्रव्यं शोषणारा कोळसा) ठेवा.

खाणं

पहिला आठवडा काही नाही. नंतर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. तुकडा 5 ते 10 मिलिमीटर, तोंडापेक्षा मोठा कधीच नाही. बाजारातली ताजी कोळंबी सोलून, शुद्ध पाण्यात धुऊन, तुकडे करून गोठवा. मीठ-हळद लावलेली नको. उजनीची चिलापी स्वस्त आणि ताजी मिळते, पण गोड्या पाण्यातला मासा रोजचा खुराक म्हणून चालत नाही, त्यातली स्निग्धाम्लं वेगळी. समुद्राची कोळंबी, मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा बोंबलाचा ताजा तुकडा द्या.

वेव्हमेकर 10-15 मिनिटं बंद करून लांब चिमट्याने तुकडा शुंडकांवर ठेवा. चिकटला आणि तोंडाकडे गेला म्हणजे भूक आहे. घसरून पडला तर काढून घ्या आणि तीन दिवसांनी बघा. तोंडात कोंबू नका. दिलेला घास दुसऱ्या दिवशी पांढऱ्या गोळ्यासारखा बाहेर आला, तर तुकडा मोठा होता. पांढरं पडलेल्या समुद्रफुलाला याहून लहान, 3-4 मिलिमीटरचे तुकडे दिवसाआड द्या. शैवाल परत येईतो तोच त्याचा आधार.

क्लाउनफिशची घाई

क्लाउनफिशला, म्हणजे समुद्रफुलात राहणाऱ्या पट्टेरी माशाला, समुद्रफूल लागतंच, हा समज सिनेमांनी पसरवला. टाकीत ते त्याच्याशिवाय मजेत जगतात, आणि समुद्रफुलालाही मासा लागत नाही. उलट, न रुळलेल्या समुद्रफुलात आडदांड क्लाउनफिश दिवसभर घुसळत राहिला तर ते उमलतच नाही. मासा आधीपासून असेल तर पहिले तीन-चार आठवडे मध्ये जाळीची टोपली उलटी ठेवून वेगळं करा. क्लाउनफिशची ऑसेलॅरिस जात निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही. टाकीत ती कधी आठवड्यात शिरते, कधी वर्षभर पंपाच्या कोपऱ्यातच झोपते. त्याला इलाज नाही.

गेलं की आहे, हे कसं कळतं

आक्रसलेलं आणि मेलेलं यांत फरक करता आला पाहिजे, कारण मेलेलं समुद्रफूल 200 लिटर पाणी काही तासांत नासवतं. तोंड 24 तासांहून जास्त वेळ आ वासून उघडं, पाय सुटलेला, शुंडकं स्पर्शाला चिकटत नाहीत, आणि अंगावरून बुळबुळीत तुकडे सुटतात. तरी शंका वाटली तर चमच्याने थोडं वर उचलून वास घ्या. आजारी समुद्रफुलाला समुद्राचा वास येतो; मेलेल्याचा वास आला की शंका उरत नाही.

तसं झालं तर तुकड्यांसकट नळीने ओढून काढा, 30 ते 50 टक्के पाणी बदला, ताजा कार्बन लावा आणि तीन दिवस रोज अमोनिया मोजा. यासाठी 100 लिटर शुद्ध पाणी आणि मीठ घरात तयार हवं. नळाच्या पुढच्या पाळीची वाट बघायला वेळ नसतो. वहीतले मागचे चार आठवडे उघडून आकडे कुठे हलले ते शोधा. ते सापडेपर्यंत, आणि पुढे किमान दोन महिने, दुसरं समुद्रफूल आणू नका.